सिगारेटकडून वेपकडे : ब्रिटनचा मार्ग

ब्रिटनमध्ये २०११ साली दर पाच प्रौढांमागे एक जण सिगारेट ओढत होता. २०२४ मध्ये हे प्रमाण १०.६ टक्क्यांवर आले. या उताराचे श्रेय कोणत्याही एका कारणाला देता येत नाही. बंदिस्त सार्वजनिक जागांतली धूम्रपानबंदी इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ रोजी लागू झाली, तंबाखूवरचा कर चढत गेला, दुकानांतली सिगारेटची पाकिटे झाकलेल्या कपाटात गेली आणि पुढे त्या पाकिटांवरचे आकर्षक रंगही कायद्याने काढून घेतले. या सगळ्याच्या जोडीला तिथे आणखी एक गोष्ट झाली. सिगारेट सुटत नसेल तर तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक सिगारेट वापरून पाहा, असे सरकारी आरोग्ययंत्रणाच धूम्रपान करणाऱ्यांना सांगू लागली. याच साधनाला रोजच्या बोलण्यात ‘वेप’ म्हणतात. ज्या साधनावर भारताने संपूर्ण बंदी घातली, तेच ब्रिटनमध्ये धूम्रपानमुक्ती केंद्रांतून वाटले जाते. ही निवड कोणत्या आधारावर झाली आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्याने तिथे कोणते साधन, किती निकोटिनचे आणि कसे वापरायचे असते, हे समजून घेण्यासारखे आहे. दोन मतांच्या गदारोळात हा तपशीलच सहसा हरवतो.

या धोरणाच्या मुळाशी असलेला विचार जुना आहे. झुरका ओढताना सिगारेटच्या पेटत्या टोकाचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. तंबाखूच्या त्या जळण्यातून सात हजारांहून अधिक रसायने तयार होतात आणि त्यांतली सत्तरएक कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. धुरातले डांबर फुप्फुसात बसते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनची वाट अडवतो. निकोटिनचे काम वेगळे आहे. झुरका घेतल्यावर अवघ्या दहा ते वीस सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि तलफ भागवते. तेच सवय लावते, तेच माणसाला पुन्हा पाकिटाकडे नेते. पण कर्करोग आणि फुप्फुसाचे आजार मुख्यतः धुरामुळे होतात. लंडनमधील मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच हा भेद नेमकेपणाने मांडला होता : लोक सिगारेट ओढतात ती निकोटिनसाठी आणि त्यांचा जीव जातो डांबरापायी. निकोटिनची च्युइंगगम आणि पट्टी याच विचारातून आली. मात्र गम चघळताना हाताला काही काम नसते, घशाला तो ओळखीचा ठसका लागत नाही आणि निकोटिनही फार सावकाश रक्तात उतरते. ज्यांना ही उणीव जाणवली, ते पुन्हा सिगारेटकडे वळले.

ही उणीव भरून काढण्याची कल्पना पेनसिल्व्हेनियातील हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६३ मध्ये सुचली होती. तंबाखू न जाळता ऊन, चवदार हवा ओढता येईल अशा साधनाचे पेटंट त्यांनी मागितले आणि १९६५ मध्ये ते मिळालेही. पण ते साधन बाजारात आले नाही. आजची इलेक्ट्रॉनिक सिगारेट २००३ मध्ये चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांनी तयार केली. ते स्वतः भरपूर सिगारेट ओढत आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. पुढच्या चार-पाच वर्षांत हे साधन युरोप-अमेरिकेत पोहोचले.

साधनाची रचना साधी आहे. आत एक लिथियमची बॅटरी, एक छोटी तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल, कॉइलभोवती किंवा तिच्या आत कापूस आणि त्या कापसाला भिजवणारे द्रव. झुरका घेतला किंवा बटण दाबले की तार तापते, कापसातल्या द्रवाची वाफ होते आणि ती तोंडात येते. काही जळत नाही, म्हणून राख नाही, डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही. द्रवात मुख्यतः चार घटक असतात : प्रॉपिलीन ग्लायकॉल, वनस्पतिजन्य ग्लिसरीन, निकोटिन आणि चवीसाठी वापरायची द्रव्ये. प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ असते. ते चव नीट वाहून नेते आणि घशाला ठसका देते. ग्लिसरीन दाट असते, त्यामुळे वाफेचे लोट मोठे होतात. बाटलीवर ‘५०/५०’ किंवा ‘७०/३०’ असे आकडे असतात ते या दोन पदार्थांच्या प्रमाणाचे. कोणत्या साधनात कोणते द्रव चालेल, हे या आकड्यांवरच ठरते.

वाफ निर्धोक आहे, असे ब्रिटनमधली कोणतीही जबाबदार संस्था म्हणत नाही. तापलेल्या द्रवातून अल्डिहाइड तयार होतात, धातूचे सूक्ष्म अंश मिसळतात आणि फुप्फुसांना याची सवय नसते. प्रश्न तुलनेचा आहे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने ऑगस्ट २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात वेपिंग सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्क्यांनी कमी अपायकारक असल्याचा अंदाज दिला. हा आकडा जगभर गाजला आणि त्यावर टीकाही झाली, कारण त्याचा आधार प्रत्यक्ष रुग्णांच्या दीर्घ निरीक्षणाचा नसून तज्ज्ञांच्या एका गटाच्या मूल्यमापनाचा होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने संपादकीयातून या आधाराला हरकत घेतली. ही हरकत योग्य होती; इतका गुळगुळीत आकडा लोकांच्या तोंडी बसला की त्यामागची अनिश्चितता दिसेनाशी होते. पुढच्याच वर्षी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने अधिक सावध भाषेत, दीर्घकालीन अपाय धूम्रपानाच्या अपायाच्या पाच टक्क्यांपलीकडे जाण्याची शक्यता कमी असल्याचे म्हटले. २०२२ मध्ये किंग्ज कॉलेज लंडनच्या संशोधकांनी सरकारसाठी केलेल्या सविस्तर आढाव्यात निष्कर्ष असा निघाला की अल्प आणि मध्यम मुदतीत वेपिंगचा धोका धूम्रपानाच्या तुलनेत अगदी थोडा आहे. मात्र तो शून्य नाही, विशेषतः ज्यांनी कधी सिगारेट ओढलेलीच नाही त्यांच्यासाठी. तीस-चाळीस वर्षे वेप ओढलेली पिढी अजून जगात नाही. त्यामुळे यापुढचे काही छातीठोकपणे सांगता येत नाही.

सिगारेट सोडायला वेपचा उपयोग होतो का, या प्रश्नाचे उत्तर मात्र बरेच पक्के आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील पीटर हायेक आणि सहकाऱ्यांनी ८८६ धूम्रपान करणाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाला त्यांच्या पसंतीची निकोटिनची पट्टी, गम किंवा तत्सम औषधे दिली. दुसऱ्या गटाला पुन्हा भरता येणारे वेपचे साधन आणि प्रति मिलिलीटर १८ मिलिग्रॅम निकोटिन असलेली एक बाटली दिली. पुढचे द्रव आपल्या आवडीचे आपण विकत घ्या, असे सांगितले. दोन्ही गटांना किमान चार आठवडे, दर आठवड्याला समोरासमोर समुपदेशन होते. वर्षभरानंतर श्वासाची तपासणी करून पाहिले, तेव्हा वेपच्या गटातील १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, औषधांच्या गटातील ९.९ टक्के. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्याचा सूरही तोच आहे : नुसत्या समुपदेशनाने किंवा कोणत्याही मदतीविना शंभरातले साधारण चार जण सुटतात, पट्टी-गमने सहा आणि निकोटिनयुक्त वेपने दहाच्या आसपास.

हायेक यांच्या अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. वर्षाअखेर सिगारेट सोडलेल्यांपैकी वेपच्या गटातले ८० टक्के लोक अजून वेप ओढत होते. औषधांच्या गटात औषध चालू असलेले फक्त ९ टक्के होते. सिगारेट गेली, पण निकोटिन गेले नाही. कोणाला हे यश वाटेल, कोणाला अर्धवट काम. धुराने होणाऱ्या मृत्यूंचा विचार केला तर हे यशच म्हणावे लागते; मात्र वेप हाती घेणाऱ्याला ही शक्यता आधीच माहीत असायला हवी.

शंभरात दहा हा आकडा लहान आहे. उरलेल्या नव्वदांचे काय चुकते? काहींचे निकोटिन कमी पडते, काहींचे साधन त्यांच्या ओढण्याच्या पद्धतीला जुळत नाही आणि पुष्कळांची सिगारेट पूर्ण सुटतच नाही.

निकोटिन कमी पडणे ही सर्वांत मोठी आणि सर्वांत टाळता येण्याजोगी चूक आहे. ‘सोडायचेच आहे तर कमी ताकदीचे घेऊ’ हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात तलफ भागत नाही, माणूस चिडचिडा होतो आणि संध्याकाळपर्यंत सिगारेट पेटवतो. लंडन साउथ बँक विद्यापीठातील लिन डॉकिन्स यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. प्रति मिलिलीटर १८ मिलिग्रॅमऐवजी ६ मिलिग्रॅमचे द्रव दिल्यावर वेप ओढणारे लांब झुरके वारंवार घेऊ लागले, जास्त द्रव संपवू लागले आणि त्यामुळे त्यांच्या शरीरात फॉर्माल्डिहाइडसारख्या पदार्थाचे प्रमाण वाढलेले आढळले. कमी निकोटिन म्हणजे कमी अपाय, हे समीकरण इथे उलटे पडले.

सुरुवातीची मात्रा ठरवण्यासाठी ब्रिटनमधले समुपदेशक दोन प्रश्न विचारतात : दिवसाला किती सिगारेट, आणि सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने? जाग आल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर अवलंबित्व मोठे समजतात, मग दिवसाची संख्या काहीही असो. अशा व्यक्तीला, किंवा दिवसाला वीसच्या आसपास ओढणाऱ्याला, प्रति मिलिलीटर १८ ते २० मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगतात. २० ही ब्रिटनमधली कायदेशीर कमाल मर्यादा आहे. दिवसाला दहाच्या आत ओढणाऱ्याला १० ते १२ पुरू शकते. क्वचित, एखाद-दुसरी ओढणाऱ्याला वेपची गरज आहे का, हाच आधी विचार व्हावा.

निकोटिनचे दोन प्रकार बाजारात मिळतात. साध्या प्रकारात २० मिलिग्रॅमची ताकद घशाला चांगलीच खवखवते. दुसऱ्या प्रकाराला ‘निकोटिन सॉल्ट’ म्हणतात. त्यात बेन्झोइक आम्लासारखे आम्ल मिसळून निकोटिनचा तीव्रपणा कमी केलेला असतो, त्यामुळे तीच ताकद घशाला मऊ लागते आणि तलफही लवकर भागते. जास्त सिगारेट ओढणाऱ्या नवख्याला हा दुसरा प्रकार बहुधा सोयीचा पडतो. घशाला ठसका लागल्याशिवाय समाधान होत नाही, अशांना मात्र पहिलाच बरा वाटतो.

यानंतर साधनाची निवड. सिगारेटसारखी दिसणारी, टोकाला दिवा लागणारी पहिली साधने आता मागे पडली. त्यांची बॅटरी लहान आणि निकोटिन अपुरे असे. त्यानंतर पेनाच्या आकाराची, टाकीत द्रव भरायची साधने आली. मग हातात मावेल अशा डब्यासारखी, वॅट कमीजास्त करता येणारी मोठी साधने आली, ज्यांना ‘मॉड’ म्हणतात. आणि सध्या सर्वाधिक चालतात ती ‘पॉड’ची : चपटी, हलकी, वर द्रवाची छोटी कुपी अडकवायची. कुपी दोन तऱ्हेची असते. भरलेलीच विकत मिळते ती संपली की फेकायची. रिकामी मिळते ती बाटलीतून पुन्हा पुन्हा भरायची. भरलेली कुपी सोपी पण महाग. भरायच्या कुपीचा सुरुवातीला थोडा व्याप असतो, पण महिन्याचा खर्च तिने बराच खाली येतो.

मॉडेलच्या नावापेक्षा ओढण्याची पद्धत महत्त्वाची. सिगारेटचा धूर आधी तोंडात घेतला जातो आणि मग छातीत. तशाच पद्धतीने ओढायच्या साधनाची हवेची वाट अरुंद असते, कॉइलचा विद्युत रोध एक ओहम किंवा त्याहून अधिक असतो आणि शक्ती १० ते २० वॅट. यात ५०/५० चे द्रव आणि जास्त ताकदीचे निकोटिन चालते. दुसऱ्या पद्धतीत हवा थेट छातीत ओढली जाते, हुक्क्यासारखी. त्या साधनांची कॉइल एक ओहमच्या खाली असते, शक्ती ४० वॅट किंवा त्याहून जास्त आणि वाफ खूप. त्यात ७०/३० चे दाट द्रव लागते आणि निकोटिन ३ मिलिग्रॅमच्या आसपासच ठेवावे लागते. अशा मोठ्या साधनात २० मिलिग्रॅमचे द्रव घातले तर दोन-तीन झुरक्यांत डोके गरगरते, मळमळते. नवखे लोक दुकानातल्या मोठ्या, चकचकीत साधनाकडे ओढले जातात आणि हीच फसगत होते. सिगारेट सोडायला निघालेल्याने तोंडात ओढायच्या पद्धतीचा, भरता येणारा, बटणाविना चालणारा साधा पॉड घ्यावा; बाकी हौस नंतर करता येते.

ब्रिटनमध्ये मे २०१६ पासून लागू असलेल्या नियमांनुसार टाकी दोन मिलिलीटरपेक्षा मोठी नसावी, निकोटिन असलेल्या द्रवाची बाटली दहा मिलिलीटरपेक्षा मोठी नसावी, झाकण लहान मुलांना उघडता येऊ नये आणि विक्रीपूर्वी त्या वस्तूची नोंद औषध नियामक संस्थेकडे झालेली असावी. दहा मिलिलीटरच्या मर्यादेतून दुकानदारीत एक पद्धत रूढ झाली आहे. साठ मिलिलीटरच्या बाटलीत पन्नास मिलिलीटर निकोटिनविरहित द्रव भरून विकतात आणि वर दहा मिलिलीटर जागा रिकामी ठेवतात. गिऱ्हाईक १८ मिलिग्रॅमची दहा मिलिलीटरची वेगळी बाटली त्यात ओततो आणि हलवून घेतो. १८० मिलिग्रॅम निकोटिन साठ मिलिलीटरमध्ये पसरले की प्रति मिलिलीटर ताकद होते ३ मिलिग्रॅम. म्हणजे ही मोठी बाटली थेट छातीत ओढायच्या साधनांसाठी आहे. पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्याने स्वस्त पडते म्हणून ती घेतली, तर त्याची तलफ तिने भागणार नाही.

नवी कॉइल किंवा नवा पॉड बसवताना कापूस पुरता भिजणे आवश्यक असते. कॉइल सुटी असेल तर तिच्या बाजूच्या छिद्रांतून दिसणाऱ्या पांढऱ्या कापसावर द्रवाचे चार-पाच थेंब सोडावेत, टाकी भरावी आणि पाच ते दहा मिनिटे साधन नुसते उभे ठेवावे. घाई केली तर कोरडा कापूस करपतो आणि घशात जळकट, कडवट झोत येतो. एकदा करपलेला कापूस पुन्हा सुधारत नाही; कॉइल बदलावीच लागते. रोजच्या वापरात कॉइल साधारण एक ते दोन आठवडे टिकते. गोड चवीच्या द्रवाने ती लवकर काळी पडते. चव फिकी होऊ लागली, गुरगुर आवाज येऊ लागला, की तिची वेळ झाली असे समजावे. अनेक जण याच टप्प्यावर ‘वेप काही खरे नाही’ म्हणून पुन्हा सिगारेट घेतात, तेव्हा दोन-तीन पौंडांची एक कॉइल बदलली असती तर काम झाले असते.

ओढण्याची लयही वेगळी ठेवावी लागते. सिगारेट पेटली की पाच-सात मिनिटांत संपवावी लागते, म्हणून झुरके भराभर आणि जोरात. वेप तसा ओढला तर द्रव तोंडात येते, खोकला लागतो. तीन-चार सेकंदांचा संथ, लांब झुरका आणि मधे उसंत, ही त्याची पद्धत. वेपमधले निकोटिन सिगारेटइतक्या झटक्यात चढत नाही, त्यामुळे तलफ शिगेला पोहोचण्याची वाट न पाहता दिवसभर अधूनमधून घ्यावे लागते. पहिल्या काही दिवसांत घसा कोरडा पडतो, खोकला येतो. पाणी जास्त प्यावे. निकोटिनची ओढ दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. चव आणि वास परत येऊ लागतात. सुरुवातीला तंबाखूच्या चवीचे द्रव घेतलेले अनेक जण पुढे फळांच्या किंवा पुदिन्याच्या चवीकडे वळतात, आणि त्यात गैर काही नाही. सिगारेटची चव आठवणीतून पुसायला त्याची मदतच होते.

धूम्रपानमुक्ती केंद्रावर दर भेटीत एक छोटी तपासणी होते. माणसाला खोल श्वास घेऊन पंधरा सेकंद रोखायला सांगतात आणि मग एका यंत्राच्या कागदी नळीत सावकाश सोडायला. पडद्यावर श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडचा आकडा येतो. पाकीटभर ओढणाऱ्याचा तो वीस-तीसपर्यंत जातो; दहाच्या खाली असेल तर ती व्यक्ती धूम्रपान न करणारी धरतात. सिगारेट पूर्ण बंद करून नुसता वेप घेतला तर एक-दोन दिवसांत हा आकडा खाली येतो. गळ्यात वेप आणि खिशात पाकीट असेल तर तो खाली येत नाही, आणि ते यंत्रासमोर लपत नाही.

दोन्ही चालू ठेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ‘ॲश’ या धूम्रपानविरोधी संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत वेप ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण सिगारेट सोडलेले होते, पण जवळजवळ चाळीस टक्के लोक सिगारेटही ओढत होते. ‘आधी वीस ओढत होतो, आता तीनच’ हे समाधान हृदयाच्या बाबतीत फसवे आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो रोज वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. म्हणून दोन्हींची सरमिसळ काही दिवसांपुरती समजण्यासारखी असली, तरी सिगारेट बंद करण्याची तारीख ठरलेली असावी. इथे माणसाच्या मदतीचा उपयोग साधनापेक्षा कमी नाही. ब्रिटनमधील आरोग्य सेवेनुसार स्थानिक केंद्राची मदत घेणाऱ्यांना यश मिळण्याची शक्यता सुमारे तिप्पट असते. एप्रिल २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना वेपचे प्रारंभिक संच देण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा संचासोबत समुपदेशनही जोडले होते, ते याचसाठी.

डॉक्टरांना सांगण्याची एक बाब सहसा राहून जाते. धुरातले काही पदार्थ यकृतातील एका विकराला जास्त कामाला लावतात आणि त्यामुळे काही औषधे शरीरातून लवकर निघून जातात. धूर थांबला की हे काम मंदावते आणि त्याच मात्रेतल्या औषधाचे रक्तातले प्रमाण चढते. मानसिक आजारासाठी दिली जाणारी क्लोझापीन आणि ओलान्झापीन, दम्यासाठीचे थिओफिलिन ही त्यांतली महत्त्वाची नावे. कारण धूर आहे, निकोटिन नव्हे. त्यामुळे वेप चालू असला तरी हा बदल होतोच. ही औषधे घेणाऱ्याने सिगारेट सोडण्याआधी मात्रेबद्दल विचारून घ्यावे. कॉफीही त्याच विकराने पचते, म्हणून सिगारेट सुटल्यावर पूर्वीइतकीच कॉफी जास्त चढते आणि अस्वस्थपणाचे खापर निकोटिनवर फुटते.

बॅटरी हा या साधनाचा दुसरा धोका. सुटी १८६५० प्रकारची बॅटरी खिशात किल्ल्या-नाण्यांसोबत ठेवली तर दोन टोके जोडली जाऊन ती पेट घेऊ शकते. विमानात वेप सोबतच्या बॅगेत ठेवायचा असतो, सामानाच्या कक्षात देता येत नाही. द्रवाची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. निकोटिन पोटात जाणे लहान मुलासाठी विषारी आहे.

अमेरिकेत २०१९ मध्ये वेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या गंभीर आजाराची साथ पसरली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि ६८ जण दगावले. त्या आजाराचा मुख्य संबंध चोरट्या बाजारातल्या, गांजातील घटक असलेल्या कुप्यांशी आणि त्यांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी आढळला. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत निकोटिनच्या द्रवात जीवनसत्त्वे घालायला मनाई आहे. तरीही त्या घटनेची छाप लोकांच्या मनावर इतकी खोल बसली की २०२४ च्या पाहणीत निम्म्या धूम्रपान करणाऱ्यांना वेप सिगारेटइतकाच किंवा तिच्याहून घातक वाटत होता. या गैरसमजापायी सिगारेट न सोडलेल्या माणसाचे नुकसान खरे आहे.

उलट बाजूचे नुकसानही खरे आहे. २०२१ पासून भडक रंगांच्या, एकदा वापरून फेकायच्या स्वस्त वेपचा ब्रिटनमध्ये पूर आला. अठरा वर्षांखालच्यांना विक्रीची बंदी इंग्लंडमध्ये २०१५ पासून असूनही २०२३ मध्ये ११ ते १७ वयोगटातील २०.५ टक्के मुलांनी वेप एकदा तरी ओढून पाहिला होता. ज्यांनी सिगारेटला हात लावलेला नाही, त्यांना या साधनातून मिळवण्यासारखे काहीही नाही; फक्त व्यसन आहे. शिवाय त्या वर्षी आठवड्याला सुमारे पन्नास लाख असे वेप फेकले जात होते, आतल्या लिथियम आणि तांब्यासकट. अखेर १ जून २०२५ पासून संपूर्ण ब्रिटनमध्ये एकदा वापरायच्या वेपची विक्री बंद झाली. १ ऑक्टोबर २०२६ पासून दहा मिलिलीटर द्रवावर २.२० पौंड कर लागायचा आहे. तरी २०२५ मध्ये सोळा पौंडांच्या आसपास मिळणाऱ्या सिगारेटच्या पाकिटापुढे वेप स्वस्तच राहील, आणि तो तसा राहावा हीच त्या कररचनेमागची भूमिका आहे.

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसाने यातले सारे कायदेशीरपणे वापरले, तरी सुट्टीत घरी येताना ते साधन तिथेच ठेवून यावे लागते. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. विक्री वा आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. मुंबई-पुण्यात चोरून मिळणाऱ्या वेपच्या द्रवात काय आहे हे कोणतीही यंत्रणा तपासत नाही. ब्रिटनमधले निष्कर्ष त्याला लावता येत नाहीत.

महाराष्ट्राचा तंबाखूचा प्रश्न तसाही वेगळा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ बिडी-सिगारेट ओढणारे होते आणि २४.४ टक्के मशेरी, मावा, खर्रा, तंबाखू-चुना अशी धूरविरहित तंबाखू वापरणारे. ओठाखाली तंबाखूची गोळी ठेवणाऱ्याला वेपचा काही उपयोग नाही. बिडी, सिगारेट किंवा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्याला इथे दोन मिलिग्रॅमची निकोटिन गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, डॉक्टरांच्या सल्ल्याने ब्युप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लिन घेता येते आणि राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे १८००-११-२३५६. तंबाखूच्या पाकिटावर तो छापलेला असतो.